आर्द्रक कुलाचे रेणवीय वर्गीकरण

आर्द्रक कुलाचे रेणवीय वर्गीकरण म्हणजे आले, हळद, वेलदोडा, आंबेहळद, कोलिंजन, सोनटक्का इत्यादी वनस्पतींचा समावेश असलेल्या कुलाची डीएनए क्रमांच्या आधारे केलेली पुनर्मांडणी होय. या कुलाचे शास्त्रीय नाव झिंजिबरेसी असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या कुलाचे विभाग मुख्यत्वे फुलांच्या रचनेवरून पाडले जात होते. 2002 साली डब्ल्यू. जॉन क्रेस, लिंडा प्रिन्स आणि काइल विल्यम्स यांनी डीएनए पुराव्यावर आधारलेले नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर कुलातील उपकुले, जमाती आणि प्रजाती यांच्या सीमा मोठ्या प्रमाणावर बदलल्या. काही प्रजाती दुसऱ्या प्रजातींत विलीन झाल्या, काहींचे विभाजन झाले आणि अनेक ओळखीच्या वनस्पतींची शास्त्रीय नावे बदलली.

या लेखात 'जाती' हा शब्द वर्गीकरणातील मूलभूत एककासाठी, 'प्रजाती' हा शब्द निकटच्या जातींच्या गटासाठी आणि 'जमात' हा शब्द उपकुल व प्रजाती यांच्या मधल्या पायरीसाठी वापरला आहे. उदाहरणार्थ, हळद ही कुर्कुमा प्रजातीतील कुर्कुमा लाँगा नावाची जाती आहे.

कुलाचा परिचय

आर्द्रक कुलात पन्नासहून अधिक प्रजाती आणि बाराशेहून अधिक जाती आहेत. आर्द्रक गणातील आठ कुलांपैकी हे सर्वांत मोठे कुल असून केळी, कर्दळ, हेलिकोनिया, अरारूट आणि पेव यांची कुले त्याच गणात येतात. कुलाचा प्रसार आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण कटिबंधात असला, तरी बहुसंख्य जाती दक्षिण व आग्नेय आशियात आढळतात. अमेरिकेत मूळची अशी केवळ रेनेल्मिया ही एकच प्रजाती असून तिच्या काही जाती आफ्रिकेतही आहेत.

या वनस्पती बहुवर्षायू ओषधी असतात. जमिनीत सुगंधी मूलक्षोड असते आणि जमिनीवर दिसणारा 'खोडा'सारखा भाग पुष्कळदा पानांच्या एकमेकांत गुंडाळलेल्या आवरकांचा बनलेला असतो. कुलाची खरी ओळख फुलात आहे. फुलात एकच फलनक्षम केसर असते. उरलेल्या केसरांपैकी दोन एकत्र जुळून पाकळीसारखा रुंद ओष्ठ तयार होतो. सोनटक्क्याच्या फुलात जी मोठी पांढरी 'पाकळी' नजरेत भरते, ती वास्तविक पाकळी नसून वंध्य केसरांपासून बनलेला हा ओष्ठ असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन वंध्य केसर असतात. ते कधी मोठे व पाकळीसारखे, कधी ओष्ठाला चिकटलेले, तर कधी अगदी लहान दातांसारखे असतात किंवा नसतातच.

जुने वर्गीकरण आणि त्याचे निकष

ओ. जी. पेटरसन यांनी 1889 मध्ये या कुलाची जमातींमध्ये मांडणी केली. 1904 मध्ये कार्ल शूमान यांनी कुलाचा विस्तृत आढावा घेतला. पुढे आर. ई. होल्टम यांनी 1950 मध्ये मलाया द्वीपकल्पातील जातींच्या अभ्यासातून, तर बी. एल. बर्ट व रोझमेरी स्मिथ यांनी 1972 मध्ये या मांडणीत सुधारणा केल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वसाधारणपणे चार जमाती मान्य होत्या.

हेडिकिई : बाजूचे वंध्य केसर मोठे, पाकळीसारखे व ओष्ठापासून सुटे. सोनटक्का आणि हळद यांचा समावेश या जमातीत होई.

झिंजिबरिई : बाजूचे वंध्य केसर ओष्ठाला जुळलेले, परागकोशाचे टोक लांब, शिंगासारखे व किंजलाला वेढणारे. या जमातीत आल्याची झिंजिबर ही एकच प्रजाती होती.

अल्पिनिई : बाजूचे वंध्य केसर फार लहान किंवा अजिबात नसलेले. वेलदोडा, काळी वेलची आणि कोलिंजन या जमातीत येत.

ग्लोबिई : किंजपुट एकाच कप्प्याचे असून बीजके त्याच्या भिंतीला चिकटलेली. ग्लोबा व तिच्या निकटच्या प्रजाती या जमातीत होत्या.

या निकषांबरोबर मूलक्षोड आणि पाने यांच्या परस्पर दिशेचाही विचार केला जाई. काही प्रजातींत पानांच्या दोन ओळी मूलक्षोडाला समांतर असतात, तर काहींत काटकोनात. ही पद्धत वापरण्यास सोयीची होती. हातात फूल असले की जमात ठरवता येई. तथापि तिच्यात एक मूलभूत अडचण होती. या वनस्पतींची फुले अतिशय नाजूक असतात. अनेक जातींत ती एक दिवसच टिकतात आणि वाळवून दाबलेल्या नमुन्यात ओष्ठ व वंध्य केसर यांची रचना ओळखू येत नाही. त्यामुळे वनस्पतिसंग्रहालयातील नमुन्यांवरून काढलेले निष्कर्ष पुष्कळदा अपुरे ठरत. शिवाय फुलाचे रूप परागण करणाऱ्या कीटकांशी व पक्ष्यांशी निगडित असल्याने, एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या वनस्पतींमध्येही सारखे रूप स्वतंत्रपणे उद्‌भवू शकते. ही शक्यता केवळ बाह्यरूपाच्या अभ्यासाने तपासणे कठीण होते.

डीएनए पुराव्याची पद्धत

पानाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए वेगळे केले जाते आणि त्यातील ठरावीक भागाच्या असंख्य प्रती तयार करून त्यांचा क्रम वाचला जातो. आर्द्रक कुलाच्या आरंभीच्या अभ्यासांत प्रामुख्याने दोन भाग वापरले गेले. पहिला भाग, आयटीएस, पेशीकेंद्रातील रायबोसोमी जनुकांच्या मधला असून तो तुलनेने लवकर बदलतो. म्हणून निकटच्या जातींमधील फरक दाखवण्यास तो उपयोगी पडतो. दुसरा भाग, मॅटके, हरितलवकातील जनुक आहे. हरितलवक बहुधा मातृवनस्पतीकडूनच पुढच्या पिढीत येत असल्यामुळे तो वंशाचा एकेरी धागा दाखवतो, तर पेशीकेंद्रातील डीएनएवर दोन्ही पालकांची छाप असते. दोन्ही भागांनी एकच चित्र दिले, तर निष्कर्षावरील विश्वास वाढतो. ते परस्परविरुद्ध आले, तर संकराची शक्यता तपासावी लागते.

निरनिराळ्या जातींचे क्रम एकाखाली एक मांडून बदलांची तुलना केली जाते आणि त्यावरून वंशवृक्ष काढला जातो. या वृक्षाच्या आधारे वर्गीकरण करताना एक तत्त्व पाळले जाते : नाव दिलेल्या प्रत्येक गटात एक समान पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज असावेत. अशा गटाला एकपूर्वजीय गट म्हणतात. गटातून काही वंशज वगळले गेले असतील, तर तो अपूर्ण ठरतो. वेगवेगळ्या पूर्वजांपासून आलेल्या वनस्पती केवळ साम्यामुळे एकत्र आणल्या गेल्या असतील, तर तो बहुपूर्वजीय ठरतो. शेवटच्या दोन्ही प्रकारच्या गटांची फेरमांडणी करावी लागते.

2002 चे वर्गीकरण

क्रेस व सहकाऱ्यांनी चाळीसच्या आसपास प्रजातींतील जाती तपासल्या. चार जुन्या जमातींपैकी तीन एकपूर्वजीय नाहीत आणि पूर्वी निर्णायक मानलेली काही लक्षणे कुलात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्‌भवली आहेत, असे त्यांना आढळले. त्यांनी कुलाची चार उपकुलांत मांडणी केली.

सायफोनोकायलॉइडी : आफ्रिकेतील सायफोनोकायलस ही प्रजाती कुलाच्या वंशवृक्षात तळाशी वेगळी झालेली आढळली. तिच्यातील काही जाती एके काळी आशियातील कॅम्पफेरिया या प्रजातीत गणल्या जात. दोहोंच्या फुलांतील साम्यामुळे हा समज झाला होता. डीएनए क्रमांनी त्यांच्यातील अंतर स्पष्ट केले.

टॅमिजिऑइडी : बोर्निओतील टॅमिजिया फ्लॅजेलॅरिस या एकाच जातीचे हे उपकुल आहे. या वनस्पतीचे वर्णन 2000 साली प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांत तिला स्वतंत्र उपकुलाचे स्थान मिळाले.

अल्पिनिऑइडी : जुन्या अल्पिनिई जमातीचा बहुतांश भाग या उपकुलात आला. त्याच्या अल्पिनिई व रिडेलिई अशा दोन जमाती केल्या गेल्या. या उपकुलात पानांच्या ओळी मूलक्षोडाला काटकोनात असतात.

झिंजिबेरॉइडी : जुनी हेडिकिई, झिंजिबरिई आणि ग्लोबिई या तिन्ही जमाती येथे एकत्र आल्या. पानांच्या ओळी मूलक्षोडाला समांतर असतात आणि बऱ्याच जातींची पाने कोरड्या ऋतूत सुकून जातात. या उपकुलाच्या झिंजिबरिई व ग्लोबिई अशा दोन जमाती मानल्या गेल्या.

या मांडणीतील एक लक्षणीय परिणाम आल्याच्या बाबतीत घडला. परागकोशाच्या शिंगासारख्या टोकामुळे आल्याला स्वतंत्र जमातीत ठेवले होते. परंतु वंशवृक्षात झिंजिबर ही प्रजाती हळद व सोनटक्का यांच्या गटाच्या आतच आढळली. म्हणजे ते शिंग हे वेगळ्या वंशाचे चिन्ह नसून त्याच वंशातील एका शाखेचे नंतरचे वैशिष्ट्य होते. दोन्ही जमाती एक झाल्यावर नामकरणाच्या नियमानुसार झिंजिबर ज्या जमातीत आहे तिचे नाव झिंजिबरिई राहणे आवश्यक होते. त्यामुळे शतकभर वापरात असलेले हेडिकिई हे नाव मागे पडले.

जुने सर्वच निकष निरुपयोगी ठरले असे मात्र नाही. बाजूच्या वंध्य केसरांचा आकार भरवशाचा नसला, तरी पानांच्या ओळींची दिशा दोन मोठ्या उपकुलांतील भेदाशी चांगली जुळली. दुर्लक्षित राहिलेल्या काही लक्षणांना नव्या मांडणीत महत्त्व आले.

प्रजातींच्या सीमांचा प्रश्न

कुर्कुमा

हळदीची कुर्कुमा ही प्रजाती शंभराहून अधिक जातींची आहे. तिच्याभोवती स्टॅहलिअँथस, स्मिथाट्रिस, लाओसँथस, पॅराकॉटलेया अशा लहान प्रजाती वेगवेगळ्या काळी स्थापन झाल्या होत्या. डीएनए अभ्यासांत त्यांच्या जाती कुर्कुमाच्या वंशवृक्षाच्या आतच आढळल्या. थायलंडमधील वनस्पतीवरून 2001 साली क्रेस व काय लार्सन यांनी वर्णिलेली स्मिथाट्रिस ही प्रजातीही त्यांत होती. 2012 मध्ये एलिश्का झावेस्का व सहकाऱ्यांनी पेशीकेंद्र व हरितलवक या दोन्हींतील क्रम वापरून कुर्कुमाच्या तीन उपप्रजाती सुचवल्या. 2015 मध्ये याना लेओंग-श्कोर्निच्कोव्हा व सहकाऱ्यांनी उरलेली नामांतरे प्रसिद्ध केली.

पॅराकॉटलेयाचे उदाहरण बोलके आहे. कर्नाटकातील खडकाळ जागी वाढणाऱ्या एका लहानशा वनस्पतीसाठी रोझमेरी स्मिथ यांनी 1977 मध्ये ही प्रजाती निर्माण केली. 2005 मध्ये लेओंग-श्कोर्निच्कोव्हा व मामियिल साबू यांनी प्रत्यक्ष जिवंत वनस्पतींच्या बारकाईने केलेल्या अभ्यासावरून ती कुर्कुमात विलीन केली आणि नंतरच्या डीएनए अभ्यासाने या निर्णयाला दुजोरा दिला. क्षेत्रीय निरीक्षण आणि जनुकीय पुरावा हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रात महाबळेश्वर–पाचगणी व कास परिसरातील सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या चवर या वनस्पतीच्या नावाचा प्रवासही असाच आहे. जॉन ग्रॅहम यांनी 1839 मध्ये मुंबई व परिसरातील वनस्पतींच्या सूचीत तिला कुर्कुमा कॉलिना असे नाव दिले. 1890 मध्ये जे. जी. बेकर यांनी ती हिचेनिया या प्रजातीत हलवली आणि शंभराहून अधिक वर्षे ती हिचेनिया कॉलिना म्हणून ओळखली गेली. अलीकडील वर्गीकरणात तिला पुन्हा कुर्कुमात स्थान देण्यात आले आहे. मर्यादित प्रदेशात वाढणाऱ्या या वनस्पतीविषयीची माहिती जुन्या ग्रंथांत व संवर्धनविषयक नोंदींत दोन्ही नावांखाली विखुरलेली असल्यामुळे अभ्यासकाला दोन्ही नावे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

अमोमम

काळी वेलची ज्या अमोमम प्रजातीत येते, ती डीएनए अभ्यासांत बहुपूर्वजीय ठरली. 2004 मध्ये शिया, क्रेस व प्रिन्स यांनी हे प्रथम सविस्तर दाखवले. 2018 मध्ये ह्यूगो डी बोअर व सहकाऱ्यांनी तिची फेरमांडणी केली. कोनामोमम, मेइस्टेरा व वुर्फबाइनिया ही जुनी नावे पुन्हा वापरात आणली गेली आणि एपिअमोमम, लँक्सँगिया व सुंदामोमम या नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या. काळी वेलची, अमोमम सुब्युलॅटम, ही अमोमम या नावाची आदर्श जाती असल्याने तिचे नाव कायम राहिले. मात्र चिनी औषधशास्त्रात प्रसिद्ध असलेली अमोमम व्हिलोझम ही जाती वुर्फबाइनिया व्हिलोझा झाली आणि चीनमध्ये मसाल्यात वापरली जाणारी अमोमम त्साओ-को ही लँक्सँगिया प्रजातीत गेली. 'व्हिलोझम'चे 'व्हिलोझा' होण्याचे कारण असे की, जातिवाचक विशेषणाने प्रजातीच्या नावाचे व्याकरणिक लिंग घ्यावे असा नामकरणाचा नियम आहे.

अल्पिनिया

अल्पिनिया ही कुलातील सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्यात दोनशेहून अधिक जाती मानल्या जातात. 2005 मध्ये क्रेस व सहकाऱ्यांनी दाखवले की या जाती एका वंशाच्या नसून अल्पिनिई जमातीत विखुरलेल्या सहा वेगवेगळ्या शाखांत विभागल्या आहेत. येथे तत्त्व आणि व्यवहार यांचा संघर्ष उभा राहतो. अल्पिनिया या नावाची आदर्श जाती कोलिंजन, म्हणजे अल्पिनिया गॅलंगा ही आहे आणि तिची शाखा लहान आहे. एकपूर्वजीय गटाचे तत्त्व काटेकोरपणे पाळले, तर अल्पिनिया हे नाव या लहान शाखेपुरते उरेल आणि उरलेल्या बहुसंख्य जातींना नवी नावे द्यावी लागतील. त्यामुळे ही फेरमांडणी टप्प्याटप्प्याने चालू आहे. 2019 मध्ये फिलिपिन्समधील काही जाती ॲडेल्मेरिया या पुनरुज्जीवित प्रजातीत हलवण्यात आल्या.

पेव आणि शेजारचे कुल

पावसाळ्यात कोकणात व सह्याद्रीत दिसणारे पेव पूर्वी आर्द्रक कुलातच गणले जाई. सर्पिल मांडणीची पाने आणि सुगंधी तेलाचा अभाव यांमुळे ताकेनोशिन नाकाई यांनी 1941 मध्ये त्याच्या गटाला कॉस्टेसी या स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. डीएनए पुराव्याने ही दोन कुले परस्परांची निकटतम नातलग, परंतु वेगळी असल्याचे दाखवले. पेवाची कॉस्टस ही प्रजातीही एकसंध नव्हती. 2006 मध्ये चेल्सी स्पेक्ट व डेनिस स्टीव्हन्सन यांनी आशियातील जाती केइलोकॉस्टस या नव्या प्रजातीत ठेवल्या. परंतु त्याच गटासाठी अठराव्या शतकातील हेलेनिया हे नाव उपलब्ध असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार ते स्वीकारले गेले. परिणामी कॉस्टस स्पेसिओसस, केइलोकॉस्टस स्पेसिओसस आणि हेलेनिया स्पेसिओसा ही तिन्ही नावे एकाच पेवाची आहेत.

मर्यादा

जनुकीय पुरावाही निरपवाद नसतो. आरंभीचे निष्कर्ष डीएनएच्या एक-दोन लहान भागांवर आधारलेले होते. अशा एखाद्या भागाचा इतिहास संपूर्ण वनस्पतीच्या इतिहासाशी जुळेलच असे नाही. आर्द्रक कुलात ही अडचण हळदीच्या गटात विशेष जाणवते. कुर्कुमात संकर आणि गुणसूत्रांच्या संचांची वाढ या दोन्ही घटना वारंवार घडल्या आहेत. लागवडीतील हळदीत 63 गुणसूत्रे असून ती वंध्य आहे. तिची वाढ केवळ मूलक्षोडाच्या तुकड्यांपासून होते. गुणसूत्रे व डीएनएचे प्रमाण यांच्या अभ्यासावरून कुर्कुमाची मूळ गुणसूत्रसंख्या 7 असावी, असे 2007 मध्ये मांडले गेले. त्यानुसार हळदीत गुणसूत्रांचे नऊ संच ठरतात. अशा वनस्पतींचा इतिहास फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखा नसून धागे पुन्हा एकमेकांत मिसळणाऱ्या जाळीसारखा असतो आणि साध्या वंशवृक्षात तो पूर्णपणे मावत नाही.

या कारणास्तव अलीकडील संशोधनात संपूर्ण हरितलवकाचा डीएनए आणि पेशीकेंद्रातील अनेक जनुके एकत्र तपासली जातात. 2021 मध्ये भारतीय संशोधकांनी हळदीच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आल्याचाही जनुकसंच उपलब्ध झाला.

महत्त्व

शास्त्रीय नाव बदलल्याने वनस्पतीचे गुणधर्म बदलत नाहीत. तरीही या फेरमांडणीचे व्यावहारिक परिणाम आहेत. मसाल्याच्या व औषधी पदार्थांच्या व्यापारात वाळवलेले मूलक्षोड किंवा फळे यांवरून जाती ओळखणे अवघड असते. वर्गीकरणासाठी जमवलेले डीएनए क्रम अशा वेळी भेसळ तपासण्यास संदर्भ म्हणून उपयोगी पडतात. मराठीत 'रानहळद' किंवा 'कचोरा' ही नावे एकाहून अधिक जातींना लावली जातात, त्यामुळे औषधी उपयोगाच्या नोंदीत शास्त्रीय नावाची अचूकता विशेष महत्त्वाची ठरते. पीकसुधारणेसाठी लागवडीतील जातींचे खरे निकटचे रानटी नातलग कोणते, हे वंशवृक्षावरून कळते. संवर्धनाच्या दृष्टीने, टॅमिजियासारखी एकाकी शाखा नष्ट झाल्यास कुलाच्या इतिहासाचा एक संपूर्ण भाग नाहीसा होईल, हेही अशाच अभ्यासातून स्पष्ट झाले.

दुसरीकडे, वारंवार होणाऱ्या नामांतरांमुळे कायदे, संरक्षित वनस्पतींच्या सूची, औषधसंहिता आणि पाठ्यपुस्तके यांत जुनी-नवी नावे एकाच वेळी वापरात राहतात. म्हणून वर्गीकरणविषयक लेखनात स्वीकृत नावाबरोबर प्रचलित समानार्थी नावे देण्याची पद्धत आहे.